बजरंगाचं जावळ

स्वप्निलने शब्द दिला होता, आणि सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता.

कोकिळाने मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड उभं राहून पाचव्यांदा नंबर लावला. चैत्राचं ऊन आठ वाजताच अंगाला चावत होतं. पुढच्या अंगणात गोवऱ्यांचा जगरा पेटला होता, बायका त्यात भाजायच्या रोडग्यांची कणीक तिंबत होत्या, आणि मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून कुणीतरी एकच आरती पुन्हा पुन्हा वाजवत होतं. आज हनुमान जयंती, आणि आजच तिच्या सासऱ्यांच्या, नत्थूजींच्या, धाकट्या नातवाचं जावळ. आंजी गावातलंच काय, पंचक्रोशीतलं माणूस लोटणार होतं. कारण नातू साधासुधा नव्हता. त्याला शेपूट होतं.

बोटभर लांब, मऊ, कण्याच्या अगदी खालच्या टोकाशी. कागदावर लेकराचं नाव पियुष. पण तेरा महिन्यांत ते नाव दवाखान्याची फाईल आणि कोकिळा या दोघांखेरीज कुणी घेतलं नव्हतं. बाकी साऱ्या दुनियेसाठी तो बजरंग.

जावळाला कोकिळाची हरकत नव्हती. हरकत होती ती नत्थूजींनी बोललेल्या नवसाला. मारुतीपुढे जावळ उतरलं की त्या घडीपासून सव्वा वर्ष लेकराच्या अंगाला लोखंड लागू द्यायचं नाही; ना कात्री, ना सुई, ना डॉक्टरची सुरी. आणि परवा सोमवारी नागपूरला त्याच्या पाठीच्या तपासणीची तारीख होती. ती तारीख कोकिळाच्या लेकीने, अंकिताने, मिळवली होती. अंकिता तिथे फिजिओथेरपी शिकत होती. होळीला घरी आली, लेकराला मांडीवर घेतलं, डावा पाय हातात धरला आणि तिचं हसणं थांबलं. पाय दुसऱ्यापेक्षा बारीक होता, आतल्या बाजूला वळलेला. लंगोट सदाच ओला, थेंब थेंब चालूच.

"आई, याला शेपूट आहे हे माहीत असून कुणी याची पाठ तपासली नाही?" तिने विचारलं होतं. "आत मज्जारज्जू खाली चिकटून बसली असेल. मूल वाढतं तशी ती ताणत जाते. पाय जातो, लघवीवरचा ताबा जातो. जन्मल्याबरोबर बघायचं असतं हे. काहीच नाही होत, असं सांगितलं कुणी?"

सांगितलं होतं कोकिळानेच.

बावीस वर्षं हिंगणघाटच्या शाळेत ती विज्ञान शिकवत होती. दहावीचा उत्क्रांतीचा धडा तर तिचा हातखंडा. आंत्रपुच्छ, अक्कलदाढ, माकडहाड. ज्यांचा आता उपयोग उरला नाही पण पूर्वजांची आठवण म्हणून शरीरात राहून गेली, ती अवशेषांगं. जावेचं बाळंतपण झालं, नर्सने लेकरू पालथं करून दाखवलं, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि कोकिळा मात्र हरखली. फळ्यावर बावीस वर्षं काढलेली गोष्ट तिच्या ओंजळीत जिवंत पडली होती. "घाबरू नका वो," ती सगळ्यांना म्हणाली, "हा नुसता अवशेष हाये. काई होत नाई याच्यानं." डॉक्टर मोठ्या दवाखान्यात दाखवून आणा म्हणाले होते. पण घरातली शिकलेली बाई काही होत नाही म्हणते म्हटल्यावर कोण कशाला जातं? तिच्या पुस्तकातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त पुस्तकात लेकराच्या पायाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, आणि तिने कुणाला विचारलं नाही.

म्हणून आता डाव सगळा स्वप्निलवर होता. नाचणगावचा स्वप्निल म्हणजे धाकट्या जावेचा, रूपालीचा, भाऊ, लेकराचा मामा. मामाच्या मांडीवर बसवल्याशिवाय जावळ उतरत नाही. मामा ऐन वेळी नाही म्हणाला, तर नत्थूजींचाही इलाज नव्हता. तिने फोनवर त्याला सगळं समजावलं होतं. तो म्हणाला होता, "नाई बसत, ताई. भाच्याच्या पायापुढे रीत कायची?"

आणि आता फोन बंद.

"वहिनी."

मागे अंकुश उभा होता, तिचा धाकटा दीर, लेकराचा बाप. हातात नारळांची पिशवी. शेतात राबून काळवंडलेला, बोलायला कंजूष माणूस.

"खरंच पाय जाईन काय वो त्याचा?"

"जाऊन राह्यला, अंकुशभाऊ. तुमाले दिसत नाई काय?"

"दिसते." त्याने नारळांकडे पाहिलं. "रात्री त्याचं लंगोट बदलतो ना मी, तवा दिसते. पण बाबाईपुढे माही जीभ टाळूले चिकटते. स्वप्निल आला की मी त्याच्या बाजूनं उभा राहीन. एकट्यानं नाई होत माह्यानं."

तेवढ्यात ओसरीवरून नत्थूजींची हाक आली, आणि हा तरणाताठा गडी शाळेतल्या पोरासारखा धावत गेला.

कोकिळाही गेली. म्हटलं, एकदा शेवटचं बोलून पाहू.

नत्थूजी बाजेवर बसले होते. बहात्तर वर्षांचे, अंगात नवं बंडी-धोतर, कपाळाला शेंदूर. माणूस वाईट नव्हता. कोकिळाला लग्नानंतर बी.एड. करू देणारे तेच, आणि गावाने नावं ठेवली तेव्हा गावाला गप्प करणारेही तेच. खाली सतरंजीवर तिचा नवरा कैलास बसला होता. हिंगणघाटहून येताना गाडीत तो म्हणाला होता, तू सुरू कर, मी तुझ्या मागून बोलतो.

"मामाजी," कोकिळा सासऱ्यांना म्हणाली, "जावळ करा. मी नाई म्हणत नाई. फक्त ते सव्वा वर्षाचं राहू द्या. सोमवारी एकदा त्याची पाठ तपासू द्या."

"नवस बोलून झाला, बाई. थुंकलेलं चाटू काय मी देवापुढे?"

"त्याचा पाय..."

"पायाले काय झालं? हा कैलास दीड वर्षाचा होऊन चालला. विचार त्यालेच."

सगळ्यांनी कैलासकडे पाहिलं. कैलासने सतरंजीच्या दशा पाहिल्या.

"उशिराच चाललो म्हणतात मी," तो म्हणाला.

झालं. एवढंच बोलायला हा माणूस मागून येणार होता. कोकिळाच्या डोक्यात तिडीक गेली, आणि संतापली की ती वर्गातलं बोलू लागे.

"मामाजी, आईच्या पोटात प्रत्येक गर्भाला शेपूट असतं. मलाही होतं, तुम्हालाही होतं. काही आठवड्यांत ते विरून जातं. आपले फार फार जुने पूर्वज शेपटीचे होते, त्याची ती खूण. एखाद्या वेळी काही बिघडतं आणि मागे काहीतरी राहून जातं. त्यात देव नाही, चमत्कार नाही आणि..."

"आन माकड हाये. असंच ना, ताई?"

रूपाली माजघराच्या दारात उभी होती. कडेवर लेकरू, अंगावर मोरपंखी शालू. लेकराला भगवं अंगडं घातलं होतं आणि त्याला मागून मुद्दाम खाच ठेवली होती, लोकांना दर्शन व्हावं म्हणून.

"असं नाई म्हटलं मी."

"दवाखान्यात बी तुम्ही हेच म्हटलं होतं. पूर्वजाईची आठवण म्हणे! तुम्ही खुश होत्या, ताई. मी बाजेवरून पाहत होतो. आन ती नर्स माह्याकडे कशी पाहे, जसं काई मी काय काय करून आलो." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चार महिने मी लेकराले दुपट्याबाहेर काढलं नाई. दाराची कडी वाजली की माह्या छातीत धस्स होये. मंग लोकं आले. माह्या पाया पडले. देवाची माय म्हणाले मले. आता तुम्ही म्हणता, तो देव नाई, माकडाचा उरलासुरला तुकडा हाये. कोणती माय हो म्हणेल, सांगा बरं?"

खरं होतं ते. कोकिळाच्या ज्ञानाने या बाईला मान वर करायला एवढीशीही जागा दिली नव्हती. ती जागा सासऱ्याच्या मारुतीने दिली होती.

नत्थूजी हसले. त्या हसण्यात विजय नव्हता, समजूत होती, आणि तेच जास्त झोंबलं.

"कोकिळा, तुह्या पुस्तकात माकडाचा माणूस झाला. आमच्या पोथीत माकडाचा देव झाला. मी भांडतो काय? पण तुह्या पुस्तकातलं माकड कधीचं मरून गेलं. आमचं चिरंजीव हाये. म्या मेलेल्याचं ऐकू का जित्याचं?"

सतरंजीवरचे दोघेतिघे हसले. कैलासही हसला.

"आन एक गोष्ट सांग मले," नत्थूजी पुढे म्हणाले. "सगळ्याईनं गळ्याची आन घेतली होती, बाहेर बोलायचं नाई म्हून. एक माणूस बोललं नाई. मंग आषाढात ते हिंगणघाटचे लोकं टेम्पो भरून, नारळ घेऊन, आपल्या दारात कसे आले? कोणं सांगितलं त्याईले?" त्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले. "त्यानंच सांगितलं. मी तं तवाच मानलं. तवापर्यंत मले बी शंकाच होती."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. कोकिळाच्या मनात भर उन्हाळ्याचं ऊन पडलं.

तिनेच सांगितलं होतं. जून महिन्यात, धडा पहिला, वर्ग दहावी. बेचाळीस मुलं जांभया देत होती आणि तिच्या फोनमध्ये तो फोटो होता. चेहरा नव्हता, नाव नव्हतं, फक्त पाठ. तिने तो वर्गातल्या मोठ्या पडद्यावर लावला. "बघा, हे चित्र नाही, हे माझ्या घरातलं आहे." जांभया थांबल्या. त्या वर्षीच्या तिच्या साऱ्या तासांत तो सर्वांत चांगला झाला होता. कुणी पडद्याचा फोटो काढला, तो कुणाच्या बापाकडे गेला, त्याच्याखाली कुणी "साक्षात मारुती" लिहिलं, देव जाणे. महिन्याभराने टेम्पो आला. घरात एकालाही सुचलं नाही की हिंगणघाटला आपली कोण असते.

आत्ता, या घडीला, तोंड उघडलं असतं तर सासऱ्यांच्या श्रद्धेचा खांबच निखळला असता. पण खांबाबरोबर तीही पडली असती. बाईने घरचं झाकलेलं लेकरू चव्हाट्यावर उघडं केलं! रूपाली काय म्हणेल? शाळा काय म्हणेल? कोकिळाने मूग गिळले. त्या एका मिनिटासाठी तिने पुढे स्वतःला कधी क्षमा केली नाही.

"चला," नत्थूजी उठले. "मामा आला वाटते."

बाहेर मोटरसायकल थांबली होती. स्वप्निल. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात भाच्यासाठी चांदीचा करदोटा. कोकिळाने त्याला दारातच गाठलं.

"ताई, मायनं फोन काढून घेतला माह्यापासून," तो तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला. "म्हणे, चारचौघात मामा उठून गेला तं रूपीले सासरी जन्मभर बोलणं खावं लागन. मी काय करू? बहीण हाये माही."

"आन भाचा?"

"मारुती पाहीन त्याच्याकडे," स्वप्निल म्हणाला आणि रडवेला झाला. अंकुश चार पावलांवर नारळ घेऊन उभा होता. त्याने ऐकलं, मान खाली घातली, आणि गर्दीबरोबर देवळाकडे चालू लागला. एकट्याने होत नव्हतं त्याच्याने. आणि आता तो एकटाच होता.

देवळापुढे मांडव होता आणि मांडवात मुंगीला वाट नव्हती. पाटावर स्वप्निल, त्याच्या मांडीवर भगव्या अंगड्यातलं लेकरू, पुढे वस्तरा घेऊन कवडू न्हावी. कवडूने खिशातला छोटा आरसा लेकरापुढे धरला, तसं ते खुदकन हसलं आणि बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली. पहिली बट उतरली. "बजरंगबली की जय!" दुसरी उतरली. डावी बाजू गुळगुळीत होत चालली. कोकिळा मोजत होती. केस संपले की सव्वा वर्ष सुरू.

तिच्या पायांनीच निर्णय घेतला असावा. ती मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"थांबा! मामाजी, देवानं नाई सांगितलं कोणाले. मी सांगितलं. फोटो मी दाखवला, माह्या वर्गात. पोरांच्या फोनमधून तो गावोगाव गेला. टेम्पो माह्यामुळे आला. याच्यात देवाचं काई नाई!"

रूपालीचा चेहरा पांढराफटक पडला. नत्थूजी कोकिळाकडे पाहत राहिले. कोकिळाला वाटलं, पडला खांब.

"तू?" ते हळू म्हणाले. "तू तं देव मानत नाई."

"नाई मानत."

"मंग त्यानं तुह्याच हातानं सांगितलं!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मानणाऱ्याले कामाले लावलं असतं तं लोकं म्हणाले असते, घरच्याईनं उठवलं. नाई मानणारीले लावलं. वा रे बजरंगा!"

गर्दीतून हुंदका उठला. पुढे बसलेल्या रुख्माबाई, ऐंशीच्या, कमरेत वाकलेल्या, सरकत सरकत आल्या आणि त्यांनी कोकिळाच्या पायांवर डोकं ठेवलं. कोकिळा जागच्या जागी थिजली. जे खरं होतं ते तिने सांगून टाकलं होतं, आणि त्याचाही या लोकांनी प्रसाद केला होता.

नत्थूजींनी घरच्या जगऱ्यातून आणवलेले निखारे धुपाटण्यात घेतले, वर ऊद टाकला, मारुतीला धूप दाखवला आणि वळून लेकराला दाखवायला आले. लोक पुढे रेटले. कुणाचा तरी खांदा म्हाताऱ्याच्या कोपराला लागला. धुपाटणं कललं, आणि सुपारीएवढा निखारा टपकन लेकराच्या डाव्या पावलावर पडला.

लेकरू आरशात पाहून हसत होतं.

एक क्षण गेला. दोन गेले. निखारा पावलाच्या वळणात नीट बसला होता. स्वप्निलचं लक्ष गेलं, त्याने हाताने तो उडवला आणि "आई गं!" म्हणून बोटं झटकत ओरडला. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या ओरडला. लेकराने त्याच्याकडे पाहिलं, आणि मामाने काहीतरी गंमत केली असं वाटून ते आणखी जोरात हसलं.

"पाह्यलं का?" कुणीतरी किंचाळलं. "विस्तव लागला नाई त्याले!"

"लंका जाळली त्यानं! त्याले विस्तव काय करते!"

मांडव उसळला. ढोल, शंख, जयजयकार. माणसं एकमेकांच्या अंगावरून हात जोडत होती. कवडूचा वस्तरा हवेतच राहिला. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर कुरळं जावळ.

रूपाली मात्र ओरडली नाही. ती लेकरापुढे गुडघ्यांवर बसली, डावं पाऊल तिने हातात घेतलं. पांढरा डाग होता, कडेने लाल होत चाललेला. तिने फुंकर घातली. मग लेकराच्या तोंडाकडे पाहत तिने तळपायाला नख लावलं. दाबलं. आणखी दाबलं. लेकरू आईच्या नाकातली नथ धरायला हात पुढे करत होतं. तिने उजव्या पायाला नख लावलं, तसं ते कळवळून रडलं.

त्या गोंधळात तिचा आवाज फक्त कोकिळाला ऐकू आला.

"ताई, याले काऊन दुखत नाई?"

तेरा महिन्यांत रूपालीने तिला लेकराबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"दुखल्याचा निरोपच वर जात नाई, रूपाली. वाट तुटून राह्यली त्याची."

"तुम्ही म्हटलं होतं, काई होत नाई म्हून."

"म्हटलं होतं. चुकलो मी."

रूपालीने तिच्याकडे जे पाहिलं, त्यात क्षमा नव्हती. ती द्यायला तिला वेळही नव्हता. तिने भावाच्या मांडीवरून लेकरू उचललं.

"अर्धं जावळ टाकून उठू नोको, पोरी!" नत्थूजी पुढे झाले. धुपाटणं अजून त्यांच्या हातात होतं. "अपशकुन हाये तो. देवाचं काम अर्धं राहीन."

"अर्धंच राह्यलं ना, मामाजी?" रूपाली म्हणाली. "मंग नवस लागला नाई अजून. सोमवारपर्यंत कायले, आत्ताच नेतो त्याले."

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. मग त्यांची नजर लेकराच्या पावलावर गेली, तिथे आता फोड धरू लागला होता. त्यांनी धुपाटणं खाली टेकवलं. अंकुशने हातातले नारळ खाली टाकले, कैलासदादाच्या खिशातून गाडीची किल्ली ओढून घेतली आणि वाट करू लागला.

पण वाट होईना. लोक हटत होते आणि वाकत होते. ज्या पायाला विस्तव लागत नाही, तो पाय प्रत्येकाला शिवायचा होता. फोडावर बोटं टेकवत होते आणि तीच बोटं कपाळाला लावत होते. मांडवापासून गाडीपर्यंत पन्नास पावलं, आणि पन्नासच्या पन्नास पावलं लेकरू त्या लोकांना पाहून हसत होतं.

नागपूरच्या वाटेवर वर्धा मागे पडलं. अर्ध्या जावळाचं लेकरू आईच्या मांडीवर झोपून गेलं. फोड फुटला होता. कोकिळाने ओला रुमाल करून दिला, तो रूपालीने मुकाट्याने घेतला.

"पाय परत येईन ना, ताई?"

अंकिताने होळीलाच सांगितलं होतं, गेलेलं परत येतंच असं नाही, आई. उरलेलं वाचवायचं असतं. हे सांगता आलं असतं. किंवा धीर देता आला असता; धीर द्यायची तर कोकिळाला बावीस वर्षांची सवय होती.

"मले माहीत नाई, रूपाली," ती म्हणाली.

रूपालीने मान हलवली. मग खाली वाकून ती लेकराच्या डाव्या पायावर फुंकर घालू लागली, आणि नागपूर येईपर्यंत घालतच राहिली.